नग पाचवा

खरं तर जावकराव फक्त एवढंच म्हणाले होते, "बघू, जाऊ आपणही." चहा गार होत चालला होता आणि बायकोच्या हातातला फोटो काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता, म्हणून म्हणाले. फोटोत त्यांचे साडू आणि मेव्हणी एका प्रचंड पांढऱ्या जहाजाच्या शिडीवर उभे होते. साडूंनी गॉगल लावला होता. (साडूंचं औषधांचं दुकान आहे. त्या सहलीपासून ते दुकानातही गॉगल लावून बसतात आणि गोळ्यांची नावं गिऱ्हाइकाकडून वाचून घेतात.)

"बघू की जाऊ?" बायकोनं विचारलं.

"जाऊ."

"मग ताईला फोन करते."

चहा गार झाला तो झालाच, वर क्रूझही ठरली.

जावकराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या जावक विभागात ते एकतीस वर्षं बसत होते. बाहेर जाणारं प्रत्येक पाकीट त्यांच्या टेबलावरून जायचं. नंबर टाकायचा, वहीत नोंद करायची, नेणाऱ्याची सही घ्यायची, की रवाना. पाच वाजता टेबल लख्ख मोकळं. एकतीस वर्षांत पाचनंतर त्यांच्या टेबलावर कुणी साधं चिठोरं पाहिलं नव्हतं. एकदा मोठ्या साहेबांनी बोलता बोलता टेबलावर ठेवलेली छत्री शाखा कार्यालयात जाऊन पोचली होती. पण ती रीतसर नोंद होऊन गेली होती आणि सहीनिशी परत आली होती, हे जावकराव आजही मान ताठ करून सांगतात. दुसऱ्यांची पाकिटं सात समुद्रांपलीकडे पाठवण्यात या माणसानं उमेदीची सगळी वर्षं घालवली आणि समुद्र मात्र एकदाही पाहिला नाही, याचं कुणालाच, खुद्द त्यांनाही, काही वाटत नव्हतं. बायकोला वाटत होतं.

"मला बाकी काही नको," ती म्हणाली. "एक फोटो हवा. शिडीवरचा, आपला दोघांचा. चांगल्या कपड्यांत, आणि तुम्ही समोर बघताना."

या 'समोर बघताना'ला इतिहास होता. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीच्या फोटोत जावकराव ट्रंकेकडे बघताहेत. बागेतल्या फोटोत पाण्याच्या बाटलीकडे. मुलीच्या पदवीदानाच्या फोटोत खुर्चीखालच्या पिशवीकडे. सगळा अल्बम चाळला, तर एक हसरी बाई एका अशा माणसाशेजारी उभी आहे, ज्याचं सामान कुणीतरी आत्ता पळवणार आहे.

"बघेन समोर," जावकरावांनी कबूल केलं.

त्यानंतर महिनाभर साडूंचे सल्ल्याचे फोन येत राहिले. कुठल्या बाजूची खोली घ्यावी, पोट ढवळलं तर कुठली गोळी घ्यावी. शेवटच्या फोनवर ते म्हणाले, "आणि उतरायच्या आदल्या दिवशी जपा हं. ते लोक सामान संध्याकाळीच घेऊन जातात. तेव्हा सकाळचे कपडे..."

"सामान रवाना करणं मला शिकवू नका," जावकराव म्हणाले. "तुम्ही तुमच्या गोळ्यांचं बघा."

जहाजावरचे पहिले दोन दिवस जावकरावांनी सामानासोबत काढले. बॅगा उचलायला आलेल्या माणसाला त्यांनी हात लावू दिला नाही आणि सात मजले स्वतः चढवल्या. (लिफ्ट होती. लिफ्टला सही करता येत नव्हती.) तिसऱ्या दिवशी बायकोनं त्यांना दंडाला धरून डेकवर नेलं आणि आरामखुर्चीत बसवलं. चारी बाजूंना पाणी होतं. जावकराव ते न्याहाळत बसले.

"काय झालं?"

"काही नाही. एवढं सगळं पाणी, आणि कुठून कुठे जातंय त्याची कुठेच नोंद नाही."

"मग?"

"बरं वाटतंय."

बायकोनं त्यांचा हात हातात घेतला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही. उलट शेवटच्या दुपारी तर ते गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत उतरले आणि एका अनोळखी गृहस्थाला स्वतःहून "मजा आहे" असं म्हणाले. जहाजानं दिलेला पांढराशुभ्र टॉवेलचा गाऊन आणि कागदी सपाता घालून ते खोलीवर परतले, तेव्हा त्यांची चालसुद्धा बदलली होती.

टेबलावर एक सूचना ठेवलेली होती: सर्व सामान लेबल लावून सातच्या आत दाराबाहेर ठेवावे. उद्याचे कपडे स्वतःजवळ ठेवावेत. सोबत पाच लेबलं होती.

जावकरावांचे डोळे चमकले. चार दिवसांत पहिल्यांदाच या जहाजानं त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं होतं.

"तू बस," ते बायकोला म्हणाले. "हे माझं काम."

आणि त्यांनी ते केलंही चोख. मोठ्या बॅगा दोन. बायकोची लहान बॅग एक. ओल्या कपड्यांची पिशवी एक. फोटोसाठी खास आणलेला सूट, बूट, टाय असं सगळं त्यांनी हातातल्या निळ्या बॅगेत घातलं आणि ती आठवणीनं वेगळी, दाराच्या आत ठेवली.

"सकाळचे कपडे ठेवलेत ना?"

"मला शिकवू नकोस."

सातला दहा कमी होते. चार बॅगांना चार लेबलं लागली. हातात एक लेबल उरलं. दाराशी एक बॅग उरली. एकतीस वर्षांच्या नोकरीत जावकरावांनी लेबल उरू दिलं नव्हतं आणि दाराशी बॅगही. पुढचं जे काही झालं ते त्यांच्या हातांनी केलं, डोक्याला न विचारता.

खोली आवरायला येणाऱ्या चाचांची त्यांनी वहीवर सही घेतली. (हो, जावकवही त्यांनी सोबत आणली होती. बायकोला ती रोजनिशी वाटत होती.) मग दोघांनी जेवण खोलीवरच मागवलं आणि गाऊनमध्येच गॅलरीत बसून जेवले.

"आज कसं अगदी हलकं हलकं वाटतंय," जावकराव म्हणाले.

ते खरंच होतं. अंगावरच्या गाऊनशिवाय त्यांच्याजवळ घालायला काहीच उरलं नव्हतं.

सकाळी कोपरा रिकामा पाहून ते तसेच, गाऊनची नाडी आवळत, खालच्या मजल्यावरच्या काउंटरवर गेले.

"माझी बॅग चोरीला गेली आहे," त्यांनी काउंटरवरच्या बाईंना सांगितलं. "निळी. खोलीच्या आत होती. आणि खोलीत हे एकटेच येतात." त्यांनी शेजारून चाललेल्या चाचांकडे बोट केलं.

चाचांचा चेहरा उतरला. "साहेब, मी तर तुमच्या वहीत सही करून सामान नेलं."

"केलीत ना सही? मग वाचूच या." जावकरावांनी काखेतली वही काढली. त्यांच्या सगळ्या सामानातून मागे राहिलेली ती एकच वस्तू होती. त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "नग पहिला, मोठी बॅग, काळी. नग दुसरा, मोठी बॅग, तपकिरी. नग तिसरा, लहान बॅग. नग चौथा, ओले कपडे. नग पाचवा..."

 बाईंनी वही आपल्याकडे वळवली आणि पुढचं वाचलं. "हातातली बॅग, निळी. आत उद्याचे कपडे." मग त्या म्हणाल्या, "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं."

जावकराव चाचांकडे वळले. त्यांनी हात जोडले, तशी नाडी सुटली. ती सावरत ते म्हणाले, "चूक माझी आहे. तुमच्यावर आळ घेतला, माफ करा."

"असू द्या साहेब," चाचा म्हणाले. "एवढ्या वर्षांत माझी सही घेणारे तुम्ही पहिलेच."

खोलीत बायको नवे कपडे घालून, केस विंचरून तयार होती. सातला पाच कमी असताना तिनं आपले कपडे उशीखाली सरकवले होते.

"माझेही ठेवायचेस."

"म्हणालात ना, शिकवू नकोस."

"मी इथंच थांबतो. सगळे उतरले की मागच्या दारानं येतो."

"जहाजाला मागचं दार नसतं. आणि फोटो काढायचाय."

"या अवतारात?"

"समोर बघायचं तुम्ही कबूल केलं होतं. कपड्यांचं मी जास्तीचं मागितलं, ते सोडते. चला."

खाली धक्क्यावर साडू आणि मेव्हणी न्यायला आले होते. साडूंनी वर पाहिलं, गॉगल काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कशाचं ऑपरेशन झालं?" त्यांनी ओरडून विचारलं.

"तुम्ही फोटो काढा भाऊजी," बायको म्हणाली.

तो फोटो आजवरचा सगळ्यात चांगला आला. जावकरावांच्या हातात काही नव्हतं, पायाशी काही नव्हतं, नजर ठेवायला जगात एकही वस्तू उरली नव्हती. ते बायकोशेजारी उभे राहिले आणि त्यांनी सरळ समोर पाहिलं. बायकोनं त्या फोटोला चांगली लाकडी चौकट करून घेतली आणि मेव्हणीला बघायलाही बोलावलं.

इथं हे संपायला हरकत नव्हती. पण जहाज कंपनीचं पत्र आलं की गाऊन परत करावा. जहाजाच्या फॉर्मवर जावकरावांनी सवयीनं कचेरीचा पत्ता दिला होता, त्यामुळे ते पत्र आधी मोठ्या साहेबांनी वाचलं, मग उरलेल्या कचेरीनं. जावकरावांनी गाऊन धुऊन, इस्त्री करून कचेरीत आणला. नेमकं त्याच दिवशी बायकोनं फोटोही त्यांच्याकडे दिला होता. काचेला तडा गेला होता, येताना बदलून आणायची होती. गाऊन टेबलावर होता. फोटो टेबलावर होता. घड्याळात पाचला दहा कमी होते.

तीन आठवड्यांनी कंपनीचं दुसरं पत्र आलं. गाऊन मिळाला, आभारी आहोत. सोबत पाठवलेला फोटो तर आम्हाला फारच आवडला. शेवटच्या दिवशीच्या सूचनेवर, 'उद्याचे कपडे स्वतःजवळ ठेवावेत' या ओळीखाली, तो छापावा अशी इच्छा आहे. आपली परवानगी असावी.

जावकराव ते पत्र घेऊन घरी आले आणि बायकोसमोर मान खाली घालून उभे राहिले. तिनं ते दोनदा वाचलं.

"देऊन टाका परवानगी," ती म्हणाली. "ताई वर्षातून एकदा जाते. मी आता दर आठवड्याला बोटीवर असेन, चांगल्या कपड्यांत." पत्राची घडी घालत तिनं पुढे विचारलं, "बाकी, चौकट परत येईल ना? की तिच्यासाठी सही घ्यायला विसरलात?"

विसरले नव्हते. सही घेतली होती.