आंबटगोड खड्याचा निकाल

सन १९४४ मध्ये साखर नियंत्रणाखाली होती आणि शेणवे गावचा कोंडू घरात स्फटिक वाढवत होता. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध सरकारनेच शोधून काढला.

कोंडू मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करी. दोन अमिनो आम्लं, एक चवीला गोड आणि एक आंबट, एकाच स्फटिकात एकमेकांना धरून कशी बसतात, हे त्याला क्ष-किरणांनी पाहायचं होतं. मुंबईत ट्रामच्या हादऱ्यांनी स्फटिकाचा नुसता भुगा पडे. म्हणून त्याने द्रावणाची बाटली गावी आणून कणगीआड ठेवली. आई बाईजा महिनोन्‌महिने घरात पाऊल न वाजवता वावरली. अखेर बोराएवढा, आरपार स्वच्छ असा एकच खडा तयार झाला.

शेजाऱ्यांनी तो पाहिला. लगेच गोडवस्तू-नियंत्रण कचेरीचे इन्स्पेक्टर, मालू नावाच्या शिपायाला घेऊन, दारात हजर झाले.

“ही खडीसाखर कुठली?”

“साखर नाही साहेब, दोन अमिनो आम्लांचा जोडस्फटिक आहे.”

“मालू, चव घे.”

मालूने खडा चाटला आणि डोळे मिटले. “गोड हाय, साहेब.” मग त्याचं तोंड वाकडं झालं. “नाय, नाय, आंबट हाय!”

प्रकरण गंभीर झालं. गोड वस्तूला जप्ती होती, आंबट वस्तूला मोकळीक. दोन्ही असलेल्या वस्तूबाबत नियम मूक होते.

“गोड भाग सोडवून जमा करा, आंबट ठेवून घ्या,” इन्स्पेक्टरांनी तोडगा काढला.

“सोडवला तर खडाच उरत नाही, साहेब. ते जोडलेत कसे, तेच तर पाहायचंय!”

“म्हणजे जोडणी विनापरवाना आहे तर!”

खडा बाटलीसकट कचेरीत गेला. अव्वल कारकुनाने कोपरा खरवडून ‘गोड’ असा अभिप्राय दिला, दुय्यम कारकुनाने ‘आंबट’. मतं समसमान पडल्याने फेरचव झाली. पुढे साहेबांचे मेहुणे तज्ज्ञ म्हणून आले. पुरती खात्री पटेपर्यंत त्यांनी मत राखून ठेवलं.

“अहो, टाचणीच्या डोक्याएवढा तरी ठेवा!” कोंडू बाकावरून ओरडला.

“चौकशीत ढवळाढवळ नको,” त्याला समज मिळाली.

संध्याकाळी निकाल लागला: ‘सदर वस्तू नियंत्रणाच्या कक्षेत येत नाही. मालकास तात्काळ परत करावी.’ सही घेऊन कोंडूला रिकामी बाटली परत मिळाली.

बाईजाने ती उजेडात धरून पाहिली. “तुझं आख्खं वरीस खाल्लं रे मेल्यांनी,” ती म्हणाली आणि मग पाय आपटत घरभर फिरली.

कोंडूने ही हकिगत गावात सांगितली, प्राध्यापकांना सांगितली, पुढे विद्वानांच्या सभेतही सांगितली. सगळे हळहळले. ती दोन आम्लं आत कशी बसली होती, हे मात्र एकानेही विचारलं नाही. जो तो जवळ सरकून, आवाज उतरवून म्हणे, “पण चव नक्की कशी होती हो?”

वाचकहो, कोंडूने बाटली अजून धुतलेली नाही. लाजू नका, बोट घाला.