भिंतभर देवमासा

पाव कुठे मिळतो, पोहायला कुठलं तळं, सोमवारी काय काय बंद असतं, सगळं सांगून झालं. तरी देलकूरबाईंचा चेहरा काही फुलेना. मिरेयला घाम फुटला. घर आठवडाभरासाठी भाड्याने दिलेलं, आणि पाहुणे दुसऱ्याच दिवशी कंटाळून समुद्राकडे पळायच्या बेतात!

मग तिने ठेवणीतलं काढलं. "आमच्या टेकडीवरच्या छोट्या चर्चमध्ये भिंतभर देवमासा रंगवलाय. फार जुना. पोटात संत बसलेत, दिवा लावून."

"माशाच्या पोटात दिवा?" देलकूरबाई ताडकन उठल्या. "चला, दाखवा. आत्ताच!"

आता आली पंचाईत. आजवरचे पाहुणे आपले आपण जायचे. मिरेय स्वतः त्या चर्चच्या आत कधी गेलीच नव्हती. देवमासा तिच्या आईने कुठूनतरी ऐकलेला. दिवा हिने पदरचा घातलेला.

चर्चच्या दारावर पाटी होती: किल्ली समोर, झेलीआजींकडे. समोर गेले तर आजींच्या घरालाच कुलूप.

"अरेरे," मिरेय म्हणाली. मनात म्हणाली, वाचले.

पण आता देलकूरसाहेबांच्याही डोक्यात किडा वळवळू लागला होता. "आज मंगळवार. आजी बाजाराला गेल्या असतील. गाडी काढतो."

बाजारात चीजवाला ओनोरे म्हणाला, "झेली? आत्ताच गेली की. तळ्यावर, लोखंडी गोळ्यांचा खेळ खेळायला. जाताय कुठे, हे चाखा आधी!"

देलकूरबाईंनी चीज चाखलं, शेळ्यांची नावं विचारली, आणि गाडीत बसताना म्हणाल्या, "पण संतांनी दिव्याला तेल कुठून आणलं हो?"

"माशाचंच," मिरेय बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

तळ्यावर आजी सापडल्या, पण नेमके बारा वाजले. आजींनी लोखंडी गोळे पिशवीत टाकले आणि सरळ तिथल्या खानावळीत जाऊन बसल्या.

"आजी, नुसती किल्ली द्या," साहेब म्हणाले.

"बारा वाजलेत बाबा. या वेळेला पोप आला तरी त्याला आधी जेवायला बसवीन. बस."

बसले. आधी सूप, मग बदक, मग चीज, मग आलुबुखाराचा टार्ट, मग कॉफी. मिरेयने टार्ट तसाच बाजूला सारला. ती आजींच्या कानाशी लागली. "किल्ली हरवली म्हणा ना."

"गप जेव," आजी म्हणाल्या.

शेवटी कुलूप करकरलं. मिरेयने डोळे घट्ट मिटले.

"अगं बाई!" देलकूरबाई ओरडल्या.

मिरेयने एक डोळा उघडला. समोर भिंतभर देवमासा. पोटात संत. हातात दिवा.

"किती जुना असेल?" साहेबांनी भिंतीला नाकच लावलं.

"हात लावू नको, भिंत दमट आहे. रंग सुटतो," आजी म्हणाल्या.

"उद्या समुद्र नको," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "उद्या परत इथेच. मला तो दिवा नीट बघायचाय."

मिरेयने आजींना कोपऱ्यात ओढलं. "हा कधीपासून आहे इथे?"

"ईस्टरपासून. तू पाठवलेला जो तो यायचा आणि 'मासा कुठाय, दिवा कुठाय' म्हणून माझं डोकं खायचा. कोरी भिंत बघून तोंड पाडून जायचा. शेवटी मीच घेतला ब्रश." आजींनी कंबर दाबली. "पुढच्या वेळी थाप मारशील ना, तर शिडी लागणार नाही एवढीच मार."