मंडळाचा कुणीही नसलेला माणूस

"हे डॉक्टर तुमच्या खजिनदारांचे कोण?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

"मावसभाऊ!" चिटणीस मोठ्या अभिमानानं म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं.

बाई धर्मादाय न्यासाच्या कचेरीतून बोलत होत्या. लोकांसाठी, कुटुंबांसाठी, कलेसाठी धडपडणाऱ्या छोट्या स्थानिक संस्थांना हा न्यास दरवर्षी अनुदान देत असे. चिटणिसांच्या बाहुली मंडळानं यंदा पहिल्यांदाच अर्ज केला होता. अर्ज सतरा पानांचा. सोळा पानं बिनचूक होती. सतराव्या पानावर शिफारसपत्र हवं होतं, तेही कार्यकारिणीशी नातं नसलेल्या माणसाचं. डॉक्टरांनी ते मोठ्या प्रेमानं दिलं होतं, फक्त भरात येऊन 'माझ्या मावसबहिणीच्या बाहुल्या पाहून डोळे भरून आले' असं लिहून ठेवलं होतं.

"कुणाचा नातेवाईक नको, सभासद नको, ज्याच्या घरच्यांना मंडळाचा लाभ होतो असाही नको. आणि मंडळाला निदान दोन वर्षं ओळखणारा हवा," बाईंनी पाढा वाचला. "आज पाचपर्यंत नवं पत्र पाठवा. पाचनंतर मला काही करता यायचं नाही."

साडेबारा वाजले होते. चिटणीस घड्याळाकडे बघतच उठले.

एवढ्या घाईला कारण होतं. त्यांच्या दाराला लागून तळमजल्यावरच एक लांबट खोली होती आणि तीत दर मंगळवारी नि शनिवारी मंडळ भरायचं. मुलं आणि त्यांचे आईबाप मिळून जुन्या मोज्यांच्या, चिंध्यांच्या बाहुल्या करायचे आणि त्यांची नाटकं बसवायचे. घरी एकमेकांशी धड न बोलणारे बापलेक इथं बाहुल्यांच्या तोंडून तासतासभर भांडायचे आणि हसत घरी जायचे. खोलीचा मालक मात्र आता हसत नव्हता. पहिल्या तारखेपर्यंत वर्षाचं भाडं आलं नाही तर तिथं टायरचं गोदाम होणार होतं. ते भाडं अनुदानातून यायचं होतं. दुसरीकडून कुठूनही येण्यासारखं नव्हतं.

चिटणिसांनी तातडीनं कार्यकारिणीची सभा घेतली. त्यासाठी त्यांना फक्त स्वयंपाकघरात जावं लागलं. खजिनदार म्हणजे त्यांची बायको आणि कलाप्रमुख म्हणजे त्यांची थोरली बहीण, ताई. ताईचं लग्न करायचं राहून गेलं होतं. ती भावाकडेच असे आणि मंडळाचे सगळे कपडे शिवत असे.

"आपलं नातं नाही असा माणूस?" बायकोनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "अहो, या गावात? शाळेच्या बाई तुमच्या चुलतमामी. औषधवाला माझ्या वहिनीचा भाऊ. पेपरवाला तर दोन्हीकडून लागतो."

"ग्रंथपाल बाई!" चिटणीस ओरडले आणि चपला पायात सरकवत धावले.

ग्रंथपाल बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कागद पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला सुरुवात करता करता विचारलं, "आमच्या जावयांच्या आईंचे गुडघे आता कसे आहेत हो?"

"आमच्या काकू ना? बऱ्या आहेत आता, पण त्या तर माझ्या..." चिटणिसांचं वाक्य तिथंच तुटलं. त्यांच्या सख्ख्या काकूंचा मुलगा म्हणजे ग्रंथपाल बाईंचा जावई. लग्नात पंक्तीला वाढायला हेच तर होते.

"व्याहीच की आपण!" बाई हसल्या. चिटणिसांनी त्यांच्या हातातला कागद हळूच काढून घेतला.

सायकल दुरुस्तीवाल्याशी सात पिढ्यांत नातं सापडलं नाही. चिटणिसांना आनंदानं त्याला मिठी मारावीशी वाटली. पण त्याची नात दर शनिवारी कोल्हा व्हायची. म्हणजे लाभार्थी. तो बिचारा म्हणाला, "मग तिचं नाव काढू का मंडळातून?" आणि चिटणीस एक क्षणभर, खरोखर एक क्षणभर, विचारात पडले. मग स्वतःचीच लाज वाटून पुढं निघाले.

टपाल कचेरीत नव्या पोस्टमास्तर बाई दूरच्या शहरातून बदलून आल्या होत्या. नात्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या येऊन दोनच आठवडे झाले होते. "दोन वर्षं ओळखते असं खोटं कसं लिहू?" त्या म्हणाल्या. "पण मंडळ छान वाटतंय हो. माझ्या मुलाला घ्याल का?" अशा रीतीनं दोन वर्षांनी उपयोगी पडू शकली असती अशी बाईही हातची गेली. वर मंडळात एक मूल वाढलं.

चार वाजता चिटणीस घामाघूम होऊन घरी आले आणि खुर्चीत कोसळले. "संपलं. या गावात आपलं कुणीही नाही असा माणूसच नाही."

ताई सुईत दोरा ओवत होती. वर न बघता ती म्हणाली, "वरचे आहेत की."

वरचे म्हणजे मोजणीसाहेब. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, मंडळाच्या बरोबर डोक्यावर. गोंगाट वाढला की काठीनं जमीन ठोकणारे. त्यांच्या तक्रारींची मंडळात एक स्वतंत्र फाईल होती. चिटणिसांची त्यांच्यासमोर उभं राहायची आजवर छाती झाली नव्हती. तक्रार आली की ताईच वर जाऊन माफी मागून यायची.

"ते शिफारस करतील? ते तर टायर स्वतः उचलून आणतील!"

"जाऊन तर बघ," ताई म्हणाली. तिचा दोरा काही केल्या सुईत जात नव्हता.

सव्वाचारला चिटणिसांनी वरची कडी वाजवली. मोजणीसाहेबांनी दार उघडलं, अर्जाचं सतरावं पान उभ्यानंच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं आणि टेबलाच्या खणातून एक जाड वही काढली. वहीत तारखा होत्या, वेळा होत्या, आकडे होते.

"मी खोटं लिहीत नाही," मोजणीसाहेब म्हणाले.

"नाही नाही, खोटं कशाला," चिटणीस पुटपुटले. खरं लिहिलं तरच आपलं मरण आहे, हे त्यांना दिसत होतं.

मोजणीसाहेब मोठ्यानं वाचत लिहायला लागले. "'मी या मंडळास नऊ वर्षे चार महिने ओळखतो, कारण ते माझ्या पायाखाली आहे. दर मंगळवारी व शनिवारी सहा ते आठ तेथे असह्य गोंगाट होतो. नऊ वर्षांत एकदाही खंड पडलेला नाही.'"

चिटणिसांनी डोळे मिटले.

"'सुरुवातीस सात मुले येत. आता एकेचाळीस येतात. जिन्याच्या खिडकीतून मी स्वतः मोजली आहेत. सोबत आईवडील असतात व ते मुलांहून जास्त ओरडतात. मी एकवीस लेखी तक्रारी केल्या. प्रत्येक वेळी मंडळातर्फे येऊन क्षमा मागण्यात आली व आवाज पूर्ववत चालू राहिला.'" मोजणीसाहेब थांबले. घसा साफ करून त्यांनी शेवटच्या ओळी लिहिल्या, पण त्या वाचल्या नाहीत. चिटणिसांनी भीत भीत मान लांब केली. 'मंडळ बंद पडल्यास माझ्या घरी पूर्ण शांतता होईल. ती मला नको आहे.'

चिटणिसांना हुंदकाच आला. नऊ वर्षं ज्या माणसाला घाबरून ते जिन्यावर पाय न वाजवता चालत आले, त्यानंच हे लिहावं! "साहेब, तुमचे उपकार..."

"थांबा. खाली प्रतिज्ञा आहे. 'कार्यकारिणीतील कोणाशीही सही करतेवेळी माझे नाते नाही.'" मोजणीसाहेबांनी 'सही करतेवेळी'वर बोट ठेवलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे आत्ताच करायला हवी. उशीर झाला तर खोटी ठरेल."

"म्हणजे?"

"आज साडेसहाला मी तुमच्याकडे येणार होतो. ताईंनी सांगितलं नाही?"

"ताईनं?"

मोजणीसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सहीआधी वस्तुस्थिती सांगणं माझं कर्तव्य आहे. त्या एकवीस तक्रारींपैकी पहिल्या सहाच आवाजाबद्दल होत्या."

"आणि बाकीच्या पंधरा?"

"त्या केल्याशिवाय क्षमा मागायला वर कोण आलं असतं?"

चिटणिसांनी वही ओढून तक्रारींच्या तारखा पडताळायला घेतल्या.

"आम्ही लग्न करायचं ठरवलंय. आज तुम्हाला विचारणार होतो," मोजणीसाहेब घाईघाईनं म्हणाले. "पण तुम्ही आत्ता हो म्हणू नका. हो म्हणालात की नातं जुळायला लागलं."

"मग नाही म्हणू?"

"नाहीही म्हणू नका! पाच वाजेपर्यंत काहीच म्हणू नका." आणि त्यांनी सही ठोकली.

चिटणीस दोन दोन पायऱ्या उतरत खाली आले. बायकोनं पत्राचा फोटो काढून पाठवला. ताई दारात उभी होती, हातातला बाहुलीचा झगा उलटा शिवलेला.

"ताई, हे खरं?"

"मला आत्ता काही विचारू नकोस," ताई म्हणाली. "पाचला दहा कमी आहेत."

तेवढ्यात फोन वाजला. न्यासाच्या बाई होत्या. "पत्र मिळालं. असलं शिफारसपत्र मी जन्मात वाचलं नव्हतं. माझं मत विचारत नाही कुणी, पण या पत्रापुढं आमच्या निवड समितीचं काही चालेल असं वाटत नाही. फक्त एकदा खात्री करते. हे गृहस्थ तुमचे खरंच कुणी नाहीत?"

चिटणिसांनी ताईकडे पाहिलं. ताईनं झग्यात तोंड लपवलं.

"आत्ता, या क्षणाला?" ते म्हणाले. "कुणीही नाहीत, बाई."

"ठीक. अर्ज दाखल केला."

फोन खाली ठेवल्यावर तिघं भिंतीवरच्या घड्याळासमोर रांगेत बसून राहिले. बायको तेवढी अधूनमधून ताईकडे बघून डोळे पुसत होती. काटा बारावर आला मात्र, चिटणीस उठले, जिन्यात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा बेंबीच्या देठापासून वर ओरडले, "दाजी! अहो दाजी, खाली या!"

वरचं दार किलकिलं झालं.

"तुमचं घड्याळ दोन मिनिटं पुढं आहे," मोजणीसाहेबांचा आवाज आला. "आरडाओरडा करू नका. दोन मिनिटांनी येतो."