गाद्या, खळ आणि एक कोरं पान

त्रैमासिकाचा नवा अंक संपादकांनी उघडला, मधल्या पानावर आले आणि "मेलो!" म्हणून मटकन खाली बसले. बायको हातातल्या पळीसकट बाहेर धावली. पान पाहून तिनेही कपाळाला हात लावला. वर ठळक अक्षरांत कवयित्रीचं नाव होतं आणि खाली: 'गाद्याच गाद्या! पाठदुखी विसरा. उधारी बंद.'

वास्तविक ते पान कोरं असायचं होतं. शहरात दंगल होऊन गेलेली, संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, आणि छापील मजकूर तपासणाऱ्या सरकारी साहेबांच्या सहीशिवाय छापील कागद बाहेर न्यायचा नाही असा हुकूम होता. कवयित्री म्हणजे जवळच्या शाळेतल्या बाई. त्यांच्या भावाला त्या दिवसांत घरातून उचलून नेलं, तो परत आलाच नाही. कुठल्या कचेरीत विचारावं तर असा माणूसच नाही म्हणे! बाईंनी त्याच्यावर कविता लिहिली, त्याच्या नावासकट. त्या पानाची एक बाजू छापूनही झाली होती. तेवढ्यात साहेबांनी कवितेवर लाल रेघ ओढली आणि छापलेली पानं नष्ट करायला सांगितली.

"कविता नाही तर नाही," संपादकांनी बाईंना शब्द दिला होता, "तुमच्या नावाखाली पान कोरं सोडतो. वाचणाऱ्याला काय ते कळेल."

आणि आता वाचणाऱ्याला कळणार होत्या गाद्या.

छापखानेवाल्यांना बोलावणं गेलं. त्यांना सगळे पानभरे म्हणत, कारण पानात चार बोटं जागा उरली की त्यांच्या पोटात दुखायचं. ते हसतहसतच आत आले.

"पाहिलंत ना संपादक? अख्खं पान मोकळं राहिलं होतं! बरं झालं माझं लक्ष गेलं. आमच्या मेहुण्याचं दुकान आहे, टाकली त्याची जाहिरात. आभार बिभार मानू नका."

"अहो, ते मुद्दाम मोकळं ठेवलं होतं!"

"मुद्दाम?" पानभऱ्यांचं तोंड उघडंच राहिलं. "आमच्या छापखान्यातून कोरं पान बाहेर जात नाही. वडिलांच्या वेळेपासून नाही!"

"मग आता वडिलांनाच विचारा काय करायचं ते! बाईंना काय तोंड दाखवू मी? भावासाठी रडणारी बाई, आणि तिच्या नावाखाली पाठदुखी!"

पुन्हा छापावं तर बाजार बंद, कागदाचा तुकडा मिळेना. पानभरे खरोखरच ओशाळले. शेवटी बायकोच म्हणाली, "जाहिरातीवर पांढरा कागद चिकटवू या. खळ मी करते. भाऊजी, पानाच्या मापाचं काही पडलंय का तुमच्याकडे?"

पानभऱ्यांनी जरा विचार केला. "आहे खरं, वहिनी. चला, दाखवतो."

"आणि त्या कवितेच्या पानांची विल्हेवाट लावलीत ना?" संपादकांनी मागून विचारलं.

"लावतोच आहे," पानभरे जिन्यावरून म्हणाले.

बायको कागदांचा गठ्ठा घेऊन आली आणि घराचा कारखाना झाला. ती स्वयंपाकघरातून खळ लावलेला कागद आणून पानावर ठेवायची, संपादक लाटण्याने दाबायचे. थोड्या वेळाने त्यांना वाटलं, आपणही हातभार लावावा.

"मी लावू का खळ?"

"तुम्ही तिथेच बसा. सगळं बरबटवाल."

"अगं, पण तू नुसत्या कडांना लावतेयस! सुटेल ना!"

"पीठ काय झाडाला लागतंय? दाबा तुम्ही."

संपादक दाबत राहिले. सकाळी साहेबांकडे निघताना त्यांनी ढिगातली वरची प्रत उचलली, तर बायकोने ती काढून घेतली आणि दुसरी हातात दिली. "ही न्या. ही चांगली चिकटलीय."

साहेबांनी पानं उलटली आणि मधेच थांबले. "हे काय लपवलंय?"

"गाद्या, साहेब."

"काय?"

"गाद्यांची जाहिरात. चुकून छापली गेली. बाईंच्या नावाखाली ती बरी दिसेना, म्हणून झाकली."

साहेबांनी नखाने कोपरा खरवडला. कागद काही सुटेना. "खळ भारीच आहे हो तुमची!"

"घरची आहे," संपादक अभिमानाने म्हणाले. साहेबांनी चिवटपणे आणखी खरवडलं, तेव्हा खालून 'उधारी बंद' एवढं दिसलं. ते संपादकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"नक्की गाद्याच?"

"देवाशपथ गाद्याच! दुसरं काही निघालं तर मला आत टाका!"

हा माणूस खोटं बोलूच शकत नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. साहेबांनी सही ठोकली, प्रत फायलीत ठेवली. अंक घरोघर गेले.

आठवडाभराने बाई आल्या. संपादकांनी घाईघाईने खुर्ची पुढे केली आणि हात जोडले. "बाई, मला माफ करा. एवढंच जमलं, एक कोरं पान."

बाईंनी पर्समधून घडी केलेला कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. कडांना वाळलेली खळ होती. एक बाजू पांढरी. दुसऱ्या बाजूला सबंध कविता, आणि तिसऱ्या ओळीत त्यांच्या भावाचं नाव.

"आमच्या समोरच्यांनी पहिल्याच दिवशी सुरीने सोडवला," बाई म्हणाल्या. "झाकलेलं कोणाला बघवतंय? मग सगळ्या गल्लीने सोडवला. आई रोज वाचते. म्हणते, छापून आलंय, आता नाही कसं म्हणतील?" आणि त्यांना रडू आलं.

 संपादकांनी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे बाईंसाठी पाणी आणत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"खळ कोण लावत होतं?"

"आणि मला सांगितलं नाहीस? मी साहेबांसमोर देवाची शपथ घेतली!"

"म्हणून तर नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तशी घेता आली असती का?"

"पण ती प्रत त्यांच्या फायलीत आहे!" संपादकांचा आवाज चिरकला. "सोडवली तर?"

"त्या प्रतीला सबंध खळ लावलीय, काठोकाठ. तिथे नाही पिठाकडे बघितलं."

संपादकांनी मनाशी हिशेब केला. म्हणजे आजवर आपल्याच अंकातली कविता छापून आलेली न पाहिलेले दोघेच होते, एक साहेब आणि एक आपण. मग ते उठले, कपाटातून स्वतःची प्रत काढली आणि म्हणाले, "अगं, सुरी दे जरा."