फुकट बादलीची चाचणी

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता सातूने एक चाचणी संदेश पाठवला आणि तो सगळ्या गावाला गेला.

उत्तर फिनलंडमधल्या त्या छोट्या कंपनीचं काम एकच: गावातल्या शाळा, सोसायट्या, हॉकीचे संघ ज्या ग्रुपांवर गप्पा मारतात, त्यांचा सर्व्हर लिहायचा आणि सांभाळायचा. मोठ्या ग्रुपांत काहींना संदेश पोचतच नसत. सातूने त्यावर उपाय लिहिला होता: माणूस संदेश उघडेपर्यंत तो पुन्हापुन्हा जात राहील. चाचणीसाठी तिला कोणीही उघडल्याशिवाय राहणार नाही असं वाक्य हवं होतं. तिकडे दुकानं उद्घाटनाला फुकट बादल्या वाटतात आणि त्यासाठी अख्खं गाव रांग लावतं, म्हणून तिने लिहिलं, ‘आमच्या ऑफिसात आज फुकट बादल्या.’ मात्र समोरची खिडकी चाचणीच्या सर्व्हरची नव्हती, खऱ्या सर्व्हरची होती.

थोड्या वेळाने मालक वेइक्कोने पडदा सरकवला. बाहेर बर्फात रांग होती. दोन माणसांमध्ये आणखी दोघं मावतील एवढं अंतर, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

“सातू, ही माणसं का उभी आहेत?”

“बादलीसाठी.”

“कसली बादली?”

“कसली, ते मी लिहिलं नव्हतं.”

“सर्व्हर बंद कर.”

“दहाला मरयत्ता येतायत.”

वेइक्को खाली बसला. मरयत्ता नगरपालिकेतर्फे करार वाढवायला येणार होत्या. सह्या होईपर्यंत सर्व्हर एकदाही बंद पडता कामा नये, एवढीच अट होती. करार गेला तर कंपनीला कुलूप.

मग सातूने खुलासा धाडला: ‘बादल्या नाहीत.’ संपत आल्यात, असा गावाने अर्थ घेतला आणि रांग वाचनालय ओलांडून गेली. वेइक्कोने दुकानातून मिळतील तेवढ्या बादल्या मागवल्या. त्या टेम्पोतून उतरताना दिसल्या, तेव्हा ज्यांना शंका होती तेही आले.

दहाला मरयत्तांचा फोन आला.

“कागद घेऊन खाली उभी आहे. सर्व्हर झकास चाललाय हो, संदेश चारदा आला तेव्हा उघडला.”

“मग वर या ना.”

“रांग सोडून?”

“बरं, मीच पेन घेऊन येतो.”

वेइक्को खाली उतरला आणि मरयत्तांकडे निघाला. एका आजींनी काठी आडवी धरली आणि रांगेच्या शेवटाकडे बोट दाखवलं. वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

दुपारपर्यंत हाती आलेली माहिती अशी: सर्व्हर एकदाही बंद पडलेला नाही. मरयत्ता कागदांसह वाचनालयापाशी आहेत. वेइक्को पेनासह त्याच रांगेत, बराच मागे, पुलावर आहे. बादल्या संपल्या आहेत, आणि सातूने हे अजून कोणाला कळवलेलं नाही.