जिन्याखालचे घरतकाका

वसंत काशिनाथ घरत, ए विंग, तळमजला, यांच्यावर गेल्या मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आमच्या पनवेलच्या सोसायटीच्या गच्चीवर अन्याय झाला. वेळ पक्की आहे. दोनला काका स्वतः वर जाऊन बघून आले होते, तेव्हा झाकण सुलटं होतं. सव्वादोनला ते उलटं होतं आणि दोन-दहाला साठेकाकूंना वर जाताना लिफ्टमनने पाहिलं होतं.

झाकण कशाचं, हे आधी सांगते. घरतकाका जुने घरगुती संगणक जमवतात. आपल्या लॅपटॉपच्या आजोबांच्या पिढीतले, नुसता कीबोर्ड दिसतो तेवढेच, टीव्हीला जोडायचे आणि कॅसेटवरून चालवायचे. या संगणकांचं प्लास्टिक वर्षानुवर्षांत पिवळं पडतं, विडी ओढणाऱ्याच्या बोटांसारखं. त्यावर उपाय म्हणजे केस ब्लीच करायची क्रीम. ती संगणकाच्या वरच्या झाकणाला लावायची, वर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. काका ही क्रीम डबाभर नेतात. पार्लरच्या सामानाच्या दुकानदाराने एकदा विचारलं, काका, मॅडमचं पार्लर कुठे आहे? काका म्हणाले, "जिन्याखाली." दुकानदार अजून त्यांना घाऊक भावाने देतो.

आता गच्चीचा रिवाज असा, की वाळवणाच्या दिवसांत जी वर जाईल तिने सगळ्यांचे पापड उलटायचे. स्वतःचे आणि शेजारणीचेही. यात उपकार नाहीत, ही शिस्त आहे. साठेकाकूंनी शिस्तीत स्वतःचे साबुदाण्याचे पापड उलटले, तिसऱ्या मजल्यावरच्या कुरडया उलटल्या आणि तशाच पुढे सरकत काकांचं झाकणही उलटलं. क्रीम ओघळली ती पापडांच्या प्लास्टिकवर. झाकण पट्ट्यापट्ट्यांनी पांढरं झालं. ते आता झेब्र्याचं वाटतं. पापड टाकून द्यावे लागले.

साठेकाकूंनी तक्रार केली ती पापडांची. सेक्रेटरी देवधरांनी नोटीस काढली ती काका यंत्रं ठेवतात त्या खोलीची. जिन्याखालची जुनी वॉचमनची खोली घरत यांनी महिनाअखेर रिकामी करावी, रविवारच्या सभेत हात वर करून ठराव होईल. पापडांचा आणि खोलीचा संबंध काय, असं मी देवधरांना विचारलं. ते म्हणाले, रासायनिक पदार्थ. मी म्हटलं, तुमच्या केसांना लावता तोच. त्यानंतर आमचं बोलणं थांबलं.

खाडीच्या भरावाबद्दल मी पत्रकं लिहिली आहेत, बस थांब्याबद्दल लिहिली आहेत. एका अन्यायाला एक पान पुरतं. घरतकाकांना पुरत नाही, म्हणून हे लांबलं आहे.

काका मूळचे जासईकडचे. जमिनी सरकारी प्रकल्पात गेल्या आणि मोबदला आला, तेव्हा भावांनी डंपर घेतले. काकांनी टीव्हीला जोडायचा संगणक घेतला. भाऊ आज बिल्डर आहेत आणि गणपतीला अजून सांगतात, आमी गाडी घेतली, वश्यानं पाटी घेतली. काका त्यांच्याबरोबर हसतात. कंटेनर यार्डातली नोकरी त्यांनी निवृत्त होईपर्यंत केली. काकी गेल्यावर खोलीत एकेक यंत्र यायला लागलं.

यंत्रं येतात ती माळ्यांवरून. काका माणसाला बरा आहेस का विचारत नाहीत. "माल्यावर काय हाय?" असं विचारतात. लग्नाला गेले तरी नजर छताकडे. एकदा हळदीला गेले, तिथे डीजेपुढे सगळं गाव नाचत होतं, आणि काका नवरदेवाच्या आजोबांच्या माळ्यावरचं सामान उतरवत होते. हळद लागलेल्या अंगाने, कीबोर्ड मांडीवर घेऊन रिक्षाने परत आले. मोहल्ल्यातून सगळ्यात जास्त येतात. पूर्वी गल्फला गेलेल्यांनी मुलांसाठी आणलेले, अरबी अक्षरांच्या कळांचे. हमीदचाचांनी त्यांचा दिला तेव्हा म्हणाले, घरतभाई, हा तर इंतकाल करून गेलाय, त्याला कशाला नेता. काकांचं उत्तर ठरलेलं असतं: "बंद हाय, मेला नाय."

हे वाक्य ते सोसायटीच्या लिफ्टबद्दलही बोलतात आणि देवधरांच्या समितीबद्दलही.

आलेल्या यंत्राला ते कंपनीच्या नावाने ओळखत नाहीत. ज्या घरातून आलं त्या घराचं नाव लावतात. ही मुकादमांची, हा बेलपाड्याच्या ठाकुरांचा. कळा उपसून भाज्यांच्या चाळणीत साबणाने धुतात आणि पंचावर वाळत घालतात. आतली फुगलेली बटणाएवढी डबडी काढून नवी डकवतात. मग सुधारणा. नव्या टीव्हीला जोडायची सोय, जास्तीची मेमरी. मूळ मेमरीत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येणारा 'शुभ सकाळ'चा एक गुलाब मावत नाही. काकांनी ती वाढवली. आता एक पाकळी मावते. हे त्यांनी मला पेढा देऊन सांगितलं.

यंत्र सुरू झालं की त्याच्या माहेरी फोन जातो. तुमची सुरू झाली, बगायला या. माहेरची माणसं आनंदाने येतो म्हणतात. येत नाहीत.

तर या माणसाची खोली काढून तिथे काय होणार आहे? देवधर म्हणतात, सायकली. सोसायटीत चालणाऱ्या सायकली दोन, त्यातली एक देवधरांच्या नातवाची.

मी नुसती ओरडत बसणाऱ्यांतली नाही. खारघरच्या एका कॉलेजात जाऊन बोलून आले. ते तयार झाले. काचेचं मोठं कपाट, वर काकांच्या नावाची पाटी, विद्यार्थी येऊन हाताळतील. अट एकच, सगळ्या यंत्रांना कॅसेटऐवजी नवं कार्ड बसवलेलं हवं. कार्डावरून गेम क्षणात सुरू होतो. मुलं थांबत नाहीत, हे कॉलेजच्या बाईंनी मला समजावून सांगितलं. मला पटलं.

परवा दुपारी ही बातमी घेऊन मी जिन्याखाली गेले. कार्डाचा प्रश्नच नव्हता. काकांच्या मुलाने, नितीनने, मागच्या दिवाळीला मूठभर कार्डं आणून दिली होती. नितीन खारघरलाच राहतो, टॉवरमध्ये, वरच्या मजल्यावर. खिडकीतून पनवेल दिसतं म्हणतात. काकांनी सगळ्या यंत्रांना कार्डं बसवली, एक सोडून. ते एक त्यांचं स्वतःचं पहिलं, डंपरऐवजी घेतलेलं.

मी कपाट, पाटी, विद्यार्थी सगळं सांगितलं. काकांनी ऐकलं आणि विचारलं, वेल हाय ना? मग त्या एका यंत्राला टेपरेकॉर्डर जोडला, कॅसेट घातली आणि बटण दाबलं. खोलीभर किरकिर आणि शिट्टी सुरू झाली. पडद्यावर नुसत्या रंगीत रेघा.

मी टेबलावर कोपर टेकलं. काकांनी ते उचलून बाजूला ठेवलं. धक्का लागला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हलायचं नाही, उठायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. चांगला चहा करून पिऊन होईल इतका वेळ. मी फोन बघितला, जिन्याखाली रेंज नाही. मग काय करणार. काकांनी विचारलं, घरी काय म्हनतात? मी कॉलेजबद्दलच बोलत होते, आणि कसं कोण जाणे, मी सांगून बसले की नोकरी सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत, जेवायला वाढताना फक्त 'पुरे?' विचारतात. हे मी कुठल्या मैत्रिणीलाही सांगितलेलं नाही. काका पडद्याकडे बघत ऐकत होते. माझ्याकडे बघत नव्हते म्हणूनच सांगता आलं.

मग ते म्हणाले, "नितीन असाच बसायचा. लोड होईपर्यंत पोरगा सगलं बोलायचा. कोनी मारलं, कोनाला मारलं, पेपरात काय लिवलं नाय. गेम सुरू झाला की गप. मंग मी दुसरी कॅसेट लावायचो."

मी विचारलं, आता? आता रोज फोन येतो, काका म्हणाले. बरे ना, जेवले ना, ठेवतो. कार्डं देतानाही उभ्याउभ्याच आला होता. म्हणाला, बाबा, आता तुमचा वेळ नाही जाणार.

"पोरी, कार्डावर मानूस बगतो आनि जातो," काका म्हणाले. "टेपवर बसतो."

गेम सुरू झाला. एक चौकोन दुसऱ्या चौकोनावर गोळ्या झाडत होता. आम्ही दोघांनीही खेळलो नाही. काकांनी कॅसेटची बाजू बदलली.

कॉलेजला मी नकार कळवला आहे. तिथल्या काचेमागे तो टेपरेकॉर्डर जाणार नाही, आणि तो नसेल तर बाकीचं सगळं खरोखर भंगार आहे. काकांना संगणकांसाठी खोली नको आहे. एक टेबल, दोन खुर्च्या आणि दुसऱ्या खुर्चीवर कुणीतरी, एवढं मावेल अशी जागा हवी आहे. त्यांच्या घरात ती का नाही, असं देवधर विचारतात. घराची बेल वाजवून कोण येतं? जिन्याखालचं दार येताजाता उघडं दिसतं.

सभा रविवारी सकाळी अकराला आहे. सह्या मला नकोत, घोषणाही नकोत. सदस्य असाल तर शनिवारी जिन्याखाली जा. साठेकाकू, तुम्हीही, पापडांचं काकांना फार वाईट वाटलं आहे. नितीन, हे तुझ्यापर्यंत पोचलं तर तूही ये आणि या वेळी खुर्ची ओढून घे. काका टेप लावतील. पूर्ण लोड होईपर्यंत बसा. रविवारी हात वर करायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.

टेबलाला धक्का लावू नका. आणि मध्येच उठू नका.