गणपतराव आणि बंद पडलेले मॅक्रो

कॉम्प्युटरवर एखादी चूक दाखवणारी चौकट उघडली की आपण काय करतो? न वाचता 'ओके' दाबतो. आमचे गणपतराव खुर्चीतून उठून उभे राहतात. चष्मा पुसतात आणि तो मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या आकड्यापर्यंत मोठ्यांदा वाचतात. इंग्रजीत असला तर लगेच मराठी करून सांगतात. सगळं झालं की मान हलवून "बरं" म्हणतात आणि बसतात. 'ओके' मात्र दाबत नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "त्याचं म्हणणं अजून मला पटल्यालं न्हाई."

भोरच्या एसटी स्टँडजवळ बियाण्यांच्या दुकानावर दोन खोल्यांत आमचं ऑफिस आहे. दूध संकलन केंद्रांवर जे सॉफ्टवेअर चालतं, त्यात काही अडलं की लोक मदतीचं बटण दाबतात. तेव्हा जी पानं उघडतात, ती आम्ही तयार करतो. काम पुण्यातल्या एका कंपनीचं. मोहिते चित्रं टाकतात, मी ऑफिस सांभाळते आणि मजकूर गणपतरावांचा. माणूस मूळचा भोंगवलीचा, साठीला टेकलेला. वयाने मी लहान असूनही मला ताईच म्हणतात.

एकदा आम्ही दोघं एसटीने आंबवड्याला निघालो होतो. कंडक्टरचं तिकिटाचं मशीन अडलं. तो बिचारा त्याला थापडा मारत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "वाजवा अजून दोन!" गणपतराव उठले, मशीन हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "कागद संपलाय म्हनतंय ते. त्याला मारून काय व्हणार?" एटीएममध्ये तर त्यांच्या मागे कुणी उभं राहायला धजत नाही. 'आणखी काही सेवा हवी का?' असं पडद्यावर आलं की हे विचारात पडतात. एकदा तर मी स्वतः ऐकलंय, ते पडद्याला म्हणाले, "न्हाई. एवढंच काम व्हतं."

तर या गणपतरावांपुढे एक दिवस आमच्या मदत-लेखनाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येऊन पडली. जुनी काढली, नवी घातली आणि आमची सगळी बटणं गायब झाली. ती बटणं म्हणजे मॅक्रो. मथळा मोठा करणं, चित्राला चौकट घालणं, अनुक्रमणिका जुळवणं अशी दहा कामं एका बटणात बांधून ठेवलेली असतात, त्याला मॅक्रो म्हणतात. त्यांच्या जागी वर एक पिवळी पट्टी आली होती.

गणपतराव उभे राहिले. "सुरक्षेच्या कारणास्तव मॅक्रो बंद करण्यात आले आहेत," त्यांनी जाहीर केलं.

"सेटिंगमध्ये जा आणि सगळ्या मॅक्रोंना परवानगी देऊन टाका," मोहिते म्हणाले. "पाच मिनिटांचं काम. केंद्रांवर नवं सॉफ्टवेअर जायची वेळ आली, पानं कधी पाठवायची?"

"म्हंजे कुत्रं भुंकतंय म्हणून कुत्रंच हाकलायचं आन् दार सताड उघडं ठेवायचं? ते भुंकतंय कुणावर, ते बघा की आधी."

दोन दिवस ते बघत होते. माझ्या कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती अजून होती. ते माझ्या पडद्यासमोर उभे राहायचे, मग त्यांच्या पडद्यासमोर, मग पुन्हा माझ्या. मोहिते हताश होऊन बाहेर चहाला जायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी गणपतरावांनी टाळी वाजवली. नव्या आवृत्तीने आपलं बिऱ्हाड दुसऱ्याच फोल्डरमध्ये हलवलं होतं, पण ज्यांतले मॅक्रो बिनधास्त चालू द्यायचे, त्या विश्वासाच्या जागांच्या यादीत अजून जुनंच फोल्डर होतं. "ह्यानं घर बदललं आन् पहारेकऱ्याकडं पत्ता जुनाच! त्यानं तरी आत कसं सोडावं?" नवं फोल्डर यादीत घातलं, सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं, तशी बटणं परत आली. मोहित्यांनी भजी मागवली. पानं वेळेत गेली.

आता गंमत अशी, की गणपतरावांच्या कॉम्प्युटरवर ती पिवळी पट्टी येतच राहिली. मी सहज तिकडे पाहिलं, तर त्यांनी झटकन ती बंद केली. उठले नाहीत, वाचली नाही.

"काय म्हणत होतं?" मी विचारलं.

"काई न्हाई. असंच."

हा माणूस आणि 'असंच'? मला चैन पडेना. त्यात त्यांचं लक्षही कामात नव्हतं. मोबाईल उचलायचा, बघायचा, ठेवायचा. एकदा म्हणाले, "ताई, मला एक फोन करून बघा बरं, लागतोय का." मी केला. त्यांचा मोबाईल खणखणीत वाजला. "लागतोय की," ते म्हणाले आणि चेहरा पडला.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "या वेळी पानं झकास झालीत, गणपतराव. कुणालाच काही अडलेलं दिसत नाही."

"व्हय," म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले.

पुढे एकदा ते बँकेत गेले असताना मला त्यांच्या कॉम्प्युटरवरची फाईल लागली. उघडली, तर पिवळी पट्टी. या वेळी मी ती नीट वाचली. ओळखीची सही नसलेला एक मॅक्रो अडवला होता. तो सॉफ्टवेअरबरोबर आलेला नव्हता, गणपतरावांनी स्वतः लिहून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेला होता. चारच ओळी. काम एवढंच, की प्रत्येक पानाच्या तळाशी एक वाक्य घालायचं: 'एवढं वाचूनही अडलं तर फोन करा, संकोच नको.' आणि खाली नंबर. तो ऑफिसचा नव्हता, कंपनीचाही नव्हता. गणपतरावांचा होता.

ते परत आले तेव्हा पडदा तसाच उघडा होता. त्यांनी पाहिलं आणि पिशवी हातात धरून दारातच थांबले.

"काढून टाकतो, ताई."

"आधी बसा तरी."

ते बसले. पिशवी मांडीवर ठेवून म्हणाले, "घरी ही नसती. लेकीकडं नाशकाला हाय, नातवंडांपायी. सांजच्याला फोन यायचे. पासलीच्या केंद्रावरल्या हिराबाई हायेत, आंबवड्याचे एक मास्तर हायेत. दुधाची फॅट लागंना म्हणून सुरू व्हायचं, मग भात लावलं का, पोरीला स्थळ आलं का... नवी पानं गेली आन् सगळं गपगार. माझंच वाक्य अडकलंय हे दिसत व्हतं, तरी वाटायचं, मोबाईलच बिघडला असंल."

"मग ते फोल्डर यादीत का नाही घातलंत? तुम्हाला तर येतं."

"आधी कुणी विचारत नव्हतं, म्हणून चाललं. आता ते सरळ विचारतंय, ह्याच्यावर इस्वास ठेवायचा का. आपल्याबद्दल आपणच कसं व्हय म्हणायचं?"

मी पुण्याला कंपनीत फोन लावला आणि पानांवर गणपतरावांचा नंबर टाकला तर चालेल का, म्हणून विचारलं. तिथल्या साहेबांनी एकच विचारलं, "ते या कामाचे वेगळे पैसे मागणार नाहीत ना?" नाही म्हटल्यावर त्यांची काहीच हरकत नव्हती. मग मी गणपतरावांच्या खुर्चीत बसले आणि त्यांचं फोल्डर यादीत घातलं. पानं नव्याने तयार करून पाठवली.

नंतर एका दुपारी आम्ही डबे खात होतो आणि त्यांचा मोबाईल वाजला. हिराबाई. आवाज असा, की तिघांनाही ऐकू यावा.

"भाऊ, म्हस व्याली! पारडी झाली!"

"आन् मशीन?"

"मशीनला काय धाड भरलीया? झ्याक चाललंय. पोरानं मोबाईल बदलला, त्यात तुमचा नंबर गेला व्हता. आज त्या मदतीच्या पानात घावला. म्हनलं, आधी तुमास्नी सांगावं."

गणपतरावांच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "कपाळावर चांद हाय का तिच्या?" त्यांनी विचारलं आणि फोन कानाला घट्ट लावला.

मोहिते उठले आणि आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी पंखा बंद केला.